वाघ दिसला का?

लालबाग-परळात मुलांनी पुढे काय शिकावं, हे ठरवण्याचा अधिकार क्रमाने आईवडिलांचा, आत्याचा, मजल्याचा आणि मंडळाच्या कार्यकारिणीचा. मुलांचा नंबर लागेस्तोवर ॲडमिशनची मुदत उलटून गेलेली असते. गिरण्या होत्या तोवर हा प्रश्न भोंग्यानेच सोडवला होता. आता भोंगा नाही, त्यामुळे सल्ला देणारे दिवसभर मोकळे असतात. इंजिनीअरिंग, सीए, नर्सिंग, बँकेच्या परीक्षा, अगदीच काही नाही तर हॉटेल मॅनेजमेंट, हे रस्ते सगळ्यांना पाठ आहेत. माझ्या भाचीने बारावीला उत्तम मार्क मिळवून "झुऑलॉजी घेणार आणि पुढे वाइल्डलाइफ बायोलॉजी करणार" असं जाहीर केलं, तेव्हा अख्खा मजला निरुत्तर झाला. पण असा तो फार वेळ राहत नाही.

"म्हणजे जनावरांची डॉक्टर," भावोजींनी निकाल दिला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. परळच्या माणसाने शिक्षण आणि प्राणी एकत्र पाहिलेले असतात ते 1886 सालापासून चालत आलेल्या व्हेटर्नरी कॉलेजात. त्याच आवारात बैलघोड्याचं हॉस्पिटल. चार पावलांवर हाफकिन संस्था. घोड्याला सापाचं विष थोडं थोडं टोचायचं आणि त्याच्या रक्तातून प्रतिविष काढायचं, हे तंत्र ज्यांच्यामुळे आपल्याला ठाऊक झालं ती मंडळी. एवढे बैल, घोडे आणि साप दाराशी असताना आणखी कसलं प्राणिशास्त्र शिल्लक राहतं, हे भावोजींना कळेना. भाचीने समजावलं, "बाबा, डॉक्टर आजारी प्राण्याला बरं करतो. आम्ही बऱ्या प्राण्याला त्रास न देता तो काय करतो ते लिहून ठेवतो."

"आणि याचे पैसे कोण देतं?" आत्याने विचारलं.

या शास्त्रातला हा सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि त्यावर जगभर अजून संशोधन चालू आहे.

माझी बहीण म्हणाली, "पण आपल्याकडे वाइल्डलाइफ आहे कुठे?" ती हे म्हणत असताना ओट्यामागून एक पाल तिचं म्हणणं ऐकत होती, खिडकीच्या गजावर कावळा डब्याची वाट बघत होता आणि पोटमाळ्यावर जे काही धावत होतं त्याला घरात कोणी नावानिशी ओळखत नसलं तरी आवाजावरून सगळे ओळखत होते. तळमजल्यावरच्या काकांनी तर लगेच नोकरीच सुचवली. महापालिकेत मूषक संहारक असतात; रात्री फिरून उंदीर मारायचे, एका रात्रीत तीस. "प्राण्यांशी संबंध आहे, फील्डवर्क आहे, आणि मुख्य म्हणजे परमनंट आहे," काका म्हणाले. भाचीने नम्रपणे सांगितलं की आमच्या शास्त्रात प्राणी जिवंत राहणं चांगलं समजतात. काकांना ही अट जाचक वाटली.

मी गिरगावचा. त्यामुळे या सगळ्या चर्चेत मला एक अधिकाराची जागा होती आणि ती मी सोडली नाही. कारण या देशात वन्यजीवांच्या अभ्यासाला संघटित रूप आलं त्यात गिरगावचा हात आहे, हे लालबागच्या लोकांना सांगायची संधी रोज येत नाही. 15 सप्टेंबर 1883 रोजी आठ माणसांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्यातले सहा साहेब आणि दोन आपले: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पहिले प्रार्थना समाजाचे संस्थापक. दुसरे वनस्पतींचे जाणकार आणि पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे सावत्र वडील. एकाने समाज सुधारायचं काम अंगावर घेतलं होतं, दुसऱ्याच्या घरातला रखमाबाईंचा खटला सगळ्या हिंदुस्थानात गाजणार होता, आणि तरीही दोघांना महिन्याकाठी जमून किडे-पाखरांवर बोलायला वेळ होता. आज आपल्याला सोसायटीच्या वार्षिक सभेला वेळ नसतो.

सुरुवातीच्या बैठका राणीच्या बागेतल्या म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाडमध्ये झाल्या. पण सभासद मेलेले प्राणी घेऊन येऊ लागले आणि ठेवायचे कुठे हा प्रश्न आला. तो फिप्सन नावाच्या सभासदाने सोडवला. त्याचं फोर्टात दारूचं दुकान होतं. त्यातली एक खोली त्याने दिली. हा तपशील मी बहिणीच्या घरी सांगायला नको होता असं माझ्या बायकोचं मत आहे. "म्हणजे सुरुवातच गुत्त्यात झाली," आत्या म्हणाली. मी म्हटलं, वाइनचं दुकान होतं, साहेबी. आत्याच्या लेखी फरक शून्य.

त्या फिप्सनच्या खुर्चीमागे 'विल्यम' राहत असे. विल्यम हा धनेश पक्षी, जन्म कारवारकडचा, 1894 साली लहानपणीच मुंबईला आला आणि 1920पर्यंत सोसायटीच्या ऑफिसात राहिला. सव्वीस वर्षं एकाच टेबलामागे, बदली नाही, बढती नाही. एकदा पेटता सिगार गिळला तरी त्याला काही झालं नाही. शेवटी तारेचा तुकडा गिळल्याचं निमित्त झालं. सोसायटीच्या चिन्हावर आजही धनेश आहे आणि लायन गेटसमोरच्या इमारतीचं नावही हॉर्नबिल हाउस. सरकारी खात्यात इतकी वर्षं काढलेल्या भावोजींना सबंध इतिहासात हा एकच इसम आपला वाटला.

सालिम अलींची गोष्ट मात्र मी राखून ठेवली होती. पक्ष्यांवरचं जे पुस्तक 1941पासून आजतागायत लोक काखोटीला मारून फिरतात ते लिहिणारा, पद्मविभूषण, राज्यसभेचा खासदार, हा माणूस आमच्या खेतवाडीत वाढलेला. म्हणजे आज जिथे गणपतीच्या दिवसांत मुंगीला शिरायला वाव नसतो, तिथे मामाच्या घरी हे पोर एअरगन घेऊन चिमण्या मारत हिंडायचं. एकदा एक चिमणी पडली तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही कोणती, हे घरात कोणाला सांगता येईना. मामाने चिठ्ठी देऊन सोसायटीच्या मिलर्डसाहेबाकडे पाठवलं. साहेबाने चिमणी ओळखली, शिवाय कपाटं उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले, आणि पोरगं कायमचं कामातून गेलं. त्यांच्या आत्मचरित्राचं नावसुद्धा त्या चिमणीवरूनच आहे.

इथपर्यंत मजला भारावला होता. मग काकांनी विचारलं, "डिग्री काय होती त्यांची?"

इथेच माझी पंचाईत झाली. सालिम अली झेवियर्समध्ये गेले आणि पहिल्याच वर्षात बाहेर पडले. ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात गेले, धंदा चालला नाही. परत येऊन काय शिकले, तर व्यापारी कायदा आणि हिशेबनीस. म्हणजे पाखरांच्या वेडातून सुटका व्हावी म्हणून घरचे जे करायला लावतात तेच. मधल्या वेळात झेवियर्सच्या फादर ब्लाटरनी त्यांना प्राणिशास्त्राच्या वर्गात बसवलं. पुढे झुऑलॉजिकल सर्व्हेत पक्षितज्ज्ञाची जागा निघाली. ती त्यांना मिळाली नाही. कारण? विद्यापीठाची रीतसर पदवी नाही. हिंदुस्थानातल्या पक्ष्यांबद्दल सर्वांत जास्त माहिती असणारा माणूस पात्रतेच्या रकान्यात नापास. शेवटी 1926 साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चरर म्हणून महिना साडेतीनशे रुपयांवर लागले.

"बघ," आत्या भाचीला म्हणाली, "त्याला डिग्री नव्हती म्हणून नोकरी नव्हती."

"आणि आता डिग्री असते," भाची म्हणाली.

ती बाकीचं वाक्य बोलली नाही, पण बोलण्याची गरज नव्हती.

शेवटी तडजोड झाली. मराठी घरात अशा वेळी एकच तडजोड असते: एमपीएससी. झुऑलॉजी कर, पण मग वनसेवेची परीक्षा दे, आरएफओ हो, जीप मिळेल. जंगल तेच, वाघ तोच, वर पेन्शन. मारुती चितमपल्लींचं नाव अशा वेळी कामी येतं. वनखात्यात नोकरी केली, पक्ष्यांची नावं गोळा करून कोश केला, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, पद्मश्री मिळाली. नोकरी आणि नाद एकाच ताटात बसवून दाखवणारा माणूस म्हणून मध्यमवर्गीय आईबापांनी त्यांचा फोटो देवघरात लावायला हवा.

कॉलेजात झुऑलॉजी म्हणजे वाघ नव्हे, हे भाचीला पहिल्याच आठवड्यात कळलं. झुऑलॉजी म्हणजे अमीबापासून सुरुवात. आमच्या वेळी तर बेडूक पाठीवर उताणा पाडून टाचण्या टोचल्या की पोरं झुऑलॉजीची झाली असं समजत. 2014 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन बंद करायला सांगितलं आणि मुंबईच्या बेडकांना सुखाचे दिवस आले. आता कापाकापी कॉम्प्युटरच्या पडद्यावर होते. वाघाच्या वाट्याला सगळ्या अभ्यासक्रमात मिळून ओळी किती, तर पाठीवरच्या पट्ट्यांपेक्षा कमी. बाकी यकृत, पेशी, गुणसूत्रं, आणि गांडुळाची पचनसंस्था, जिच्याबद्दल भाची जेवणाच्या ताटावर बोलू लागली तेव्हा भावोजींनी नूडल्स खाणं सोडलं.

तिचं शिक्षण खरं सुरू झालं ते तिसऱ्या वर्षी, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात एका प्रकल्पावर मदतनीस म्हणून गेली तेव्हा. शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचं जंगल, चहूबाजूंनी मुंबई आणि ठाणे, आणि आत बिबटे. अख्खा मजला तिला निरोप द्यायला गॅलरीत. काकूंनी लिंबू-मिरची दिली. दोन दिवसांनी ती परत आली आणि मजल्याने एका सुरात विचारलं, "बिबट्या दिसला का?"

"नाही."

"मग काय बघितलंस?"

"त्याची विष्ठा."

मी तुम्हाला सांगतो, कोणत्याही विषयाची लोकप्रियता एका शब्दात इतकी खाली येताना मी पाहिलेली नाही. पण खरं सांगायचं तर वन्यजीवशास्त्र बहुतांशी हेच आहे. प्राणी दिसत नाही. दिसतात त्याच्या मागे राहिलेल्या गोष्टी: पायाचा ठसा, झाडावरचा ओरखडा, लेंडी, लीद, विष्ठा. ती पिशवीत भरायची, पिशवीवर तारीख, वेळ आणि ठिकाण घालायचं, वाळवायची, मग बारीक चाळणीत धरून पाण्याखाली धुवायची. माती वाहून जाते आणि चाळणीत उरतात केस, हाडांचे कण, कधी एखादं नख. केस सूक्ष्मदर्शकाखाली धरले की प्रत्येक प्राण्याच्या केसाच्या गाभ्याची नक्षी वेगळी दिसते. तिच्यावरून बिबट्याने काय खाल्लं ते कळतं. भाचीने मला एकदा दाखवलं. भिंगाखाली एक काळपट दोरा, त्याच्या पोटातून एक नक्षी. "हा कुत्रा," ती म्हणाली. मुंबईच्या बिबट्याच्या आहारात भटक्या कुत्र्याचा वाटा मोठा आहे, हे असल्या चाळण्यांतूनच कळलं. ही बातमी मजल्यावर पोचली तेव्हा बिबट्याबद्दलचं मत रातोरात बदललं. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांची संख्या लक्षात घेता एक जोडी लालबागला ठेवता येईल का, असा अर्ज करायची सूचना आली. ती अजून विचाराधीन आहे.

चाळणीच्या बाबतीत मात्र घरात वादळ झालं. प्रयोगशाळेतली चाळणी अगदी बहिणीच्या पिठाच्या चाळणीसारखीच दिसते. बहिणीने एक दिवस भाचीची बॅग झटकताना ती बाहेर काढली, आणि मग चपात्या कुठल्या चाळणीतल्या पिठाच्या होत्या यावर जी चौकशी बसली तिच्यापुढे सीबीआय काहीच नाही. निर्दोषत्व सिद्ध झालं. पिठाची चाळणी तरीही फेकून नवी आणली.

दुसरी गोष्ट म्हणजे कॅमेरा ट्रॅप. जंगलवाटेच्या दोन्ही बाजूंना झाडाला समोरासमोर कॅमेरे बांधायचे. मधून कोणी ऊबदार अंगाचं हललं की आपोआप फोटो. दोन बाजूंना का, तर बिबट्याच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे, आणि डाव्या कुशीवरचे उजव्या कुशीवर नसतात. म्हणजे एका बाजूचा फोटो काढला आणि तोच बिबट्या उलट दिशेने परत आला की शास्त्रज्ञाच्या हिशेबात दोन होतात. असे हजारो फोटो भाची रात्री बसून तपासायची. त्यातल्या बहुतेकांत पान हललेलं असतं. उरलेल्यांत माकडं, वनरक्षक, आणि पहाटे लाकूडफाटा आणायला किंवा आणखी कशाला आलेली माणसं, ज्यांना कॅमेरा दिसल्यावर कसं उभं राहावं हे सुचत नाही. बिबट्या शंभरात एखादा. पण आमची काकू तिच्या मागे बसून फोटो पाहू लागली आणि चौथ्याच दिवशी म्हणाली, "हा तोच, परवाचा. कानाजवळ तो गोल ठिपका आहे बघ." बरोबर होतं. पन्नास वर्षं समोरच्या चाळीतल्या माणसांना नुसत्या चालीवरून ओळखणाऱ्या बाईला ठिपक्यांचं काय.

बिबट्यांत आम्हा सगळ्यांचा आवडता म्हणजे आजोबा. 2009 साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला हा म्हातारा बिबट्या विहिरीत पडला. संशोधक विद्या अत्रेय आणि वनखात्याने त्याला बाहेर काढून गळ्यात जीपीएसची कॉलर बांधली आणि माळशेज घाटात सोडलं. तिथे जंगल, पाणी, सगळी सोय. पण आजोबांनी चालायला सुरुवात केली. शेतं, महामार्ग, रेल्वेचे रूळ ओलांडत सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून ते थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात दाखल झाले, वाटेत कोणाला ओरखडासुद्धा नाही. 2014 साली त्यांच्यावर सिनेमा निघाला. त्यात उर्मिला मातोंडकर होती, त्यामुळे तो बहिणीनेही पाहिला. आणि तिथे पहिल्यांदा तिला भाचीच्या विषयाबद्दल आपलेपणा वाटला. नगरकडून निघावं, माळशेज उतरावं, आणि काही झालं तरी मुंबईतच यावं, ओळखपाळख नसताना जागा काढावी: तिच्या सासऱ्यांनी दुसरं काय केलं होतं? फक्त ते मोहरा बिल्डिंगमध्ये उतरले, हे उद्यानात.

दादर-परळला तसं वाघांचं वावडं कधीच नव्हतं. दर नाक्यावर फलकावर एक आहेच, डरकाळी फोडताना. हद्दीवरून दोन वाघांचं कसं भांडण होतं, जुनी हद्द कोणाची आणि खूण कोणाची, हा भाग शिकवायला भाचीला उदाहरण शोधावं लागत नाही. आम्ही ते पेपरात वाचतोच. पण राज्यप्राणी विचारा. कोणी वाघ म्हणेल, कोणी हत्ती. तो शेकरू आहे, झाडावरची मोठी खार. राज्यपक्षी हरियाल, हिरवं कबूतर. फुलपाखरू राणी पाकोळी. आणि 2023पासून राज्यमासा पापलेट. ही शेवटची बातमी भाचीने सांगितली तेव्हा टेबलावर तोच होता, तळलेला, लिंबासह. क्षणभर सगळे थबकले. "राज्याचा आहे म्हणजे आपलाच आहे," भावोजी म्हणाले आणि मधला तुकडा उचलला.

कबुतरांबाबत मात्र आमच्याकडे कोणी गंमत करत नाही. 2025च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, प्रकरण कोर्टात गेलं, रस्त्यावर लोक उतरले, आणि त्या पंधरवड्यात दादर ते माटुंगा या पट्ट्यात पक्षितज्ज्ञ नाही असा माणूस सापडत नव्हता. फुफ्फुसं, विष्ठा, धर्म, दाणे, सगळ्यावर अधिकारवाणीने बोलणं चालू. ज्या मुलीने खरंच पक्ष्यांवर शिकण्यात वर्षं घातली होती तिला कोणी बोलू दिलं नाही.

एम.एस्सी.च्या प्रवेशाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून पोटात गोळा येतो. डेहराडूनला वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट, 1982 साली स्थापन झालेली. बंगळुरूला एनसीबीएस या संशोधन संस्थेत तसाच एक कोर्स. दोन्हीकडे बरीच वर्षं एक साल सोडून प्रवेश, आणि जागा पंधरा-वीस. देश एकशे चाळीस कोटींचा. पुण्याला गरवारे कॉलेजात जैवविविधतेचं एम.एस्सी. आहे, तमिळनाडूत मयिलादुथुराईजवळ एक जुनं कॉलेज आहे जिथे वन्यजीवशास्त्र शिकवतात. ते नाव बहिणीला उच्चारता येईना म्हणून तो पर्याय घरातच बाद झाला. मुलाखतीत भाचीला विचारलं, "तुम्ही मुंबईच्या. जंगलात कधी राहिलात?" ती म्हणाली, "लालबागला गणपतीत राहते. आवाज, गर्दी, झोप नाही, संडासला रांग, आणि सगळं सोसून निरीक्षण चालू ठेवायचं." पॅनेल हसलं. प्रतीक्षा यादीत नाव लागलं. प्रवेश मिळाला पुण्याला.

आता ती पीएच.डी.च्या आधीचं काम करते, म्हणजे प्रकल्पावर सहायक. प्रकल्प मार्चपर्यंत. मार्चनंतर दुसरा, तोही मार्चपर्यंत. मधे परवानगीचे कागद, जे नागपूरला वनखात्याकडे जातात आणि येताना रमतगमत येतात. तिच्या शास्त्रातली माणसं या वेळकाढूपणाला घाबरत नाहीत, आणि त्याला कारण आहे. सोसायटीच्या संग्रहात एक वटवाघूळ होतं. 1948 साली तमिळनाडूतल्या डोंगरात पकडलेलं, चुकीच्या नावाचं लेबल लावून पेटीत ठेवलेलं. चोवीस वर्षं त्याला कोणी हात लावला नाही. 1972 साली एका थाई शास्त्रज्ञाने पेटी उघडून पाहिलं तर ही जगाला अपरिचित जात. तिला सालिम अलींचं नाव दिलं. तसाच रानपिंगळा. 1884नंतर कोणाला दिसला नाही. मधे एका ब्रिटिश कर्नलने आपल्याला 1914 साली मिळाला म्हणून एक नमुना दाखवला. तो लंडनच्या म्युझियममधूनच उचलून नवं लेबल लावलेला निघाला. 1997 साली अमेरिकेहून शोधायला आलेल्यांना शहाद्याजवळ हा पिंगळा सापडला, उघड्याबोडक्या झाडावर, सकाळच्या उन्हात बसलेला. शंभराहून जास्त वर्षं तो तिथेच होता. बघायला कोणी गेलं नव्हतं. आता तो तानसाच्या जंगलातही आहे, जिथून आमच्या नळाला पाणी येतं, आलं तर.

गेल्या हिवाळ्यात चाळीने ठरवलं की मुलगी एवढी शिकते आहे तर आपणही काहीतरी बघावं, आणि शिवडीला फ्लेमिंगो बघायची सहल काढली. परळपासून चालत जाण्याच्या अंतरावर जगभरचे लोक पाहायला येतात असे हजारो गुलाबी पक्षी आणि आम्ही गेलो नव्हतो, कारण ते जवळ होते. काकूंनी वेळ सकाळी दहाची ठरवली, म्हणजे न्याहारी करून निघता येईल. आदल्या दिवशी कोळणीकडे बोलता बोलता ही गोष्ट निघाली. तिने बांगड्यावरचा हात थांबवला. "उद्या षष्ठी. सहाला पाऊणपट करा. साडेचारला भरती. दहाला जाऊन चिखल बघणार काय?" तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, भाचीकडे त्यासाठी मोबाइलवर तक्ता असतो, कोळणीकडे बोटं. दोघींचं उत्तर एक आलं, आणि काकूंनी न्याहारीच्या जागी दुपारचं जेवण केलं.

साडेतीनला जेट्टीवर पोचलो. कोळशाचा आणि गंजलेल्या बोटींचा वास, वर अटल सेतूचा राखाडी कठडा, आणि चिखलाच्या कडेला पाण्याबरोबर हळूहळू आमच्याकडे सरकणारी गुलाबी रांग. चोच उलटी, डोकं पाण्यात, पाय चालू. जेवताना मान वर करायची नाही हा नियम पाळणारे एवढे जीव मी फक्त लग्नाच्या पहिल्या पंगतीत पाहिले आहेत. भाचीने समजावलं की रंग शेवाळातून येतो, खाणं बदललं तर फिके पडतात. काकूंनी ताबडतोब बिटाचा विषय काढला. मग सुगरणीवर बोलणं आलं. सालिम अलींनी 1930 साली किहीमला सुगरणींचा जो अभ्यास केला त्यात दिसलं की खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झुलवतो, मादी येऊन आत डोकावते, पसंत पडला तरच तो पुरा करतो. हे ऐकून पुरुषमंडळी छाती काढून उभी राहिली. पुढे भाची म्हणाली, "आणि एकीचं घर लावून दिलं की लगेच दुसरा खोपा सुरू करतो, दुसरीसाठी." त्यावर परतीच्या वाटेवर कोणी फारसं बोललं नाही.

या सहलीचा खरा परिणाम तळमजल्यावरच्या काकांवर झाला. भाचीने त्यांना तिची जुनी दुर्बीण दिली आणि एक वही: तारीख, वेळ, हवामान, जात, संख्या, वर्तन. काका बँकेतून निवृत्त. रकाने दिसले की भरल्याशिवाय राहवत नाही. समोरच्या नारळावर घारीचं घरटं आहे, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. "सकाळी 7.10. ढगाळ. घार 1. तोंडात बांगडा, बहुधा दुसऱ्या मजल्याचा." भाचीने नोंदी पाहून डोक्याला हात लावला, कारण त्या तिच्या सहकाऱ्यांच्या नोंदींहून चांगल्या होत्या. महिन्याभरात वही भरली. दुसरी आणली.

मग समोरच्या इमारतीच्या कमिटीकडून आमच्या सेक्रेटरींना पत्र आलं. पत्रासोबत काकांच्या वहीतल्या एका पानाचा फोटो, जो कोणी काढला ते कळलं नाही. "सायं. 6.40. निरभ्र. चिमणी 2. तिसऱ्या मजल्यावर नवे पडदे, निळे. टीव्ही पंचावन्न इंची. नवरा उशिरा आला, आवाज चढला, चिमण्या उडाल्या." आमच्या फलकावर आता सूचना लागली आहे की दुर्बिणीचा वापर फक्त पक्षिनिरीक्षणासाठी करावा. काकांनी तिच्याखाली पेनाने लेखी हरकत नोंदवली आहे: चिमण्या का उडाल्या हे लिहायचं नाही, तर वर्तनाचा रकाना दिला कशाला.